सतरा नंबरची लेंडी

बातमी आली तेव्हा मी यादीच करत होते. सत्र संपलं की प्रयोगशाळेत काय फुटलं, काय उरलं, काय मागवायचं याची एक यादी होते, ती. फुटलेल्या ब्युरेट तीन, परीक्षानळ्यांचे स्टँड दोन, लिटमस... इथवर आले आणि फोन वाजला. सिरसाळ्याहून मन्मथ सरांचा पुतण्या बोलत होता. म्हणाला, "ताई, आप्पा गेले. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले, अन् तसेच गेले." मी किती वाजता नेणार ते विचारलं, कोणाकोणाला कळवलं ते विचारलं, आणि यादीचा कागद उलटा करून मागे नावं लिहायला लागले. कळवायची माणसं, गाडीत बसणारी माणसं. नऊ नावं झाली. दहावं नाव मी 'सर' असं लिहिलं. आमच्याकडे काहीही मोठं घडलं की आधी सरांना कळवायचं, हा वीस वर्षांचा शिरस्ता होता. हात आपोआप गेला. ते नाव खोडलं.

सरांच्यात, म्हणजे लिंगायतांत, दहन नसतं. भस्म लावून, बेलाची पानं वाहून मातीत बसवतात. सरांनी सारं आयुष्य लाकडाच्या रसायनशास्त्रावर काम केलं आणि शेवटाला लाकडाची एक ढलपीही लागली नाही. यावरचा विनोद त्यांनी आधीच करून ठेवला होता. "आमच्यात जाळीत न्हाईत, यादीबाई. मातीत बसवितात. म्हंजी मेल्यावरबी माझा मुक्काम जंतूंच्यातच." यादीबाई म्हणजे मी. हे नाव त्यांनीच ठेवलेलं, आणि आधी राग येऊन मग अंगवळणी पडलेलं. त्या दिवशी सिरसाळ्याच्या बाजारातली बरीच दुकानं बंद होती. गर्दीत माझ्यामागे एक म्हातारे गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते, "कागदाचं कायतरी व्हतं त्येंचं." हे काही चूक नव्हतं.

सरांच्या वडिलांचं सिरसाळ्यात किराणा दुकान. साखर, डाळ, मिरची सगळं रद्दीच्या कागदात बांधून द्यायचं, आणि पुड्या बांधायचं काम लहान मन्मथकडे. महिनाभर उन्हात पडलेलं वर्तमानपत्र पिवळं का पडतं आणि वहीचा कागद का पडत नाही, असं त्यांनी एकदा वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "उन्हात हिंडल्यावर तूबी काळा पडतुसच की." ते उत्तर पटलं नाही, एवढ्यावरून पुढचं सगळं झालं, असं सर सांगायचे. पिवळं पडण्याचं कारण लिग्निन. लाकडात बारीक धागे असतात आणि त्यांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवणारा चिकट, तपकिरी पदार्थ असतो, तो लिग्निन. झाड उभं राहतं ते त्याच्या जिवावर. पण कागद करताना तोच नको असतो. तो राहिला की कागद तपकिरी राहतो, नाहीतर पुढे पिवळा पडतो. कागदगिरण्या तो काढायला क्लोरीन वापरतात आणि मग गिरणीचं पाणी ज्या नाल्यात जातं त्या नाल्याचं काय होतं, ते नाल्याकाठच्या लोकांना ठाऊक असतं.

सरांना क्लोरीन कमी करायचं होतं. त्यासाठी जंतूंपासून मिळणारं एक एन्झाइम ते शोधत होते. हे एन्झाइम लिग्निनला हात लावत नाही. लिग्निन धाग्याला जिथे बांधलेला असतो तिथली गाठ तेवढी सोडतं, मग तो थोडक्या क्लोरीनने धुऊन निघतो. मुलांना हे समजावताना सर खिशातून दोऱ्याने बांधलेली शेंगदाण्याची पुडी काढायचे. दोरा तोडायचा नाही. गाठ सोडायची, दोरा बोटाला गुंडाळायचा, कागद सरळ करून ठेवायचा, आणि दाणे पहिल्या बाकावर वाटायचे. ही दुकानातली सवय होती, तीच त्यांची संशोधनपद्धतीही होती. आणि त्यांना परदेशातलं पाइनचं लाकूड नको होतं. आमच्याकडे कापूस वेचून झाला की उरते ती पऱ्हाटी, जी चुलीत जाते किंवा बांधावर पेटवली जाते, तिचाच लगदा करून तिचाच पांढरा कागद करायचा.

मी त्यांच्या हाताखाली आले ती हंगामी प्रयोगशाळा सहायक म्हणून. बारावी शास्त्र, लग्न झालेलं, एक मुलगी. माहेर तलवाड्याकडचं, धनगराचं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांची मेंढरं होती. प्रयोगशाळेत आल्या आल्या मी तीन रजिस्टरं घातली, बाटल्यांना नंबर दिले, कपाटांना आतून याद्या चिकटवल्या. सर दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, "लई चांगलं झालं. आता मला काहीच सापडणार न्हाई." त्यांची स्वतःची व्यवस्था म्हणजे एक तार. दुकानदार चिठ्ठ्या ओवून ठेवतात तशी, खाली आकडा असलेली, भिंतीवर खिळ्याला टांगलेली. जे करायचं, जे विचारायचं, ते हाताला येईल त्या कागदाच्या तुकड्यावर लिहायचं आणि तारेत ओवायचं. जुनी चिठ्ठी खाली, नवी वर. काम झालं की चिठ्ठी निघायची. याबाबतीत ते फार काटेकोर होते. 'खिडकीची काच बसवणे' अशी एक चिठ्ठी होती. पुढे कॉलेजच्या माणसाने काच बसवली. मी म्हटलं, सर, ही काढा आता. तर म्हणाले, "मी कुठं बसविली? माझं काम झालंच न्हाई." ती चिठ्ठी तशीच राहिली.

आमचं मुख्य काम होतं जंतू शोधण्याचं. लगदा कॉस्टिक सोड्यात शिजवलेला असतो, गरम असतो. त्यात टिकेल असा जंतू कुठल्याही मातीत मिळत नाही. म्हणून आम्ही नमुने गोळा करायचो. कुजकी खोडं, उकिरडे, चुन्याच्या भट्टीजवळची माती, ओढ्यानाल्यांचा गाळ. नमुना वाळवायचा, चाळायचा, बाटलीत भरायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरात नोंद करायची. नंतर तबकड्यांत वाढवायचा. तबकडीवर ओतलेल्या लाल रंगात ज्या जंतूच्या ठिपक्याभोवती फिकट वलय दिसेल, तो कामाचा.

एका दिवाळीत मी माहेरी गेले होते. दादांची मेंढरं एका शेतकऱ्याच्या वावरात बसवलेली. वावराला खत मिळतं म्हणून लोक मेंढरं बसवून घेतात. कोपऱ्यात लेंड्यांचा ढीग झाडून लावलेला होता. मी सहज हात घातला तर आत कोमट लागलं, आणि नाकाला झोंबणारा वास. म्हटलं, गरम आहे, उग्र आहे, सरांना हवं तसंच आहे. डब्यात भरून आणलं, वाळवलं, कुटलं, चाळलं, बाटलीत भरलं. सर तेव्हा परीक्षेच्या कामावर बाहेरगावी होते. रजिस्टरात 'कोठून' या रकान्यात मी एक शब्द लिहिला. नमुना क्रमांक सतरा, लेंडी.

सतराव्या तबकडीत जे वलय आलं तसं आधी कधी आलं नव्हतं. सरांनी तबकडी उजेडात धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली. नंतर हात धुऊन आले आणि पुन्हा धरली. पुढचं दीड वर्ष आम्ही सतरा नंबरवरच होतो. पऱ्हाटीचा तपकिरी लगदा त्या एन्झाइमात मुरवून मग धुतला की क्लोरीन खरोखरच कमी लागायचं. सरांनी लेख लिहिला, तो परदेशी नियतकालिकात छापून आला, आणि प्राचार्यांनी सूचनाफलकावर लावला.

तो मी तिथेच उभ्या उभ्या वाचला. माझं इंग्रजी बेताचं. पण आपला शब्द कुठल्याही लिपीत ओळखू येतो. लेंडी दिसली आणि हसू आलं. पुढचा शब्द होता 'स्ट्रीम'. लेंडी नावाच्या ओढ्याच्या काठचा गाळ, असं लिहिलं होतं.

आमच्या कॉलेजच्या खालच्या अंगाला लेंडी नावाचा ओढा आहे. मराठवाड्यात या नावाचे ओढे जागोजाग आहेत. त्याच ओढ्याचा गाळ आम्ही त्या सुमाराला आणलाही होता, तो होता अकरा नंबर. सर दुकानदाराच्या घरातले, ओढ्यात पोहलेले. त्यांच्या डोक्यात लेंडी म्हणजे पाणी. मी धनगराची. आमच्या घरात लेंडी म्हटलं की एकच, मेंढराची. आणखी एक शब्द लिहिला असता तर भागलं असतं. याद्या करणाऱ्या बाईने तो लिहिला नाही.

मी सांगितलं नाही. का, तेही लिहिते. माझ्या कायम होण्याचे कागद तेव्हा पुढे सरकत होते. नोंदवही मला ठेवता येते, एवढ्याच गुणावर सरांनी माझी शिफारस केली होती. म्हटलं, ऑर्डर हातात पडू दे, मग सांगू. कुठे सापडला याने जंतूचं काय बिघडतं...

पण बिघडलं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती आणि फ्रीजमधला सगळा साठा मेला. सतरा नंबरही. जपून ठेवायला म्हणून दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेकडे त्याचा नमुना आम्ही पाठवलेला नव्हता. मूळ बाटलीतलं चूर्ण आधीच संपलं होतं. आणि नेमकं तेव्हाच बाहेरच्या एका संशोधकाचं पत्र आलं. भाषा सभ्य होती. आम्ही तुमच्या ओढ्याचा गाळ दोनदा तपासला, असा जंतू आढळला नाही, कृपया नमुना पाठवावा. सरांनी पत्र दोनदा वाचलं. मला म्हणाले, "जंतू व्हता, हे दोघांनाच ठावं हाय. तुला अन् मला. बाकीच्यांनी कावून मानावं?" पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. नसलेला जंतू छापला, असा अर्थ होत होता. संशोधकाला यापेक्षा वाईट काही म्हणता येत नाही.

मग रविवार सुरू झाले. सर सकाळी सातला पिशवीत बाटल्या घेऊन ओढ्यावर. वर टोपी, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात लांब दांड्याचा डाव. मी काठावर, रजिस्टर घेऊन. ते गाळ काढायचे, मी नंबर टाकायचे. पुलाखाली, वळणावर, धुण्याच्या दगडापाशी, बाभळीच्या मुळात. आठवडाभर तबकड्या बघायच्या, काही नाही, पुन्हा रविवारी ओढा. असे नऊ रविवार. वयाच्या पन्नाशीत तो माणूस वाकून वाकून गाळ उपसत होता आणि काही निघणार नाही हे ठाऊक असलेली मी स्वच्छ अक्षरात नोंदी करत होते. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात नीटनेटक्या नोंदी त्या नऊ पानांवर आहेत.

नवव्या रविवारी सांगितलं. सर बाटलीला बूच लावत होते. मी म्हटलं, "सर, सतरा नंबर इथला नाही. लेंडी म्हणजे ओढा नाही. दादांच्या मेंढरांची लेंडी. माझ्या आत्ता लक्षात आलं."

ते दगडावर बसले. "म्हंजी, लेंडी लेंडी?"

"हो."

"चरत्या-फिरत्या मेंढराची?"

"हो सर."

ते उठले. मग एकेक बाटली उघडून गाळ ओढ्यात परत ओतला, बाटल्या विसळल्या, पिशवीत उपड्या ठेवल्या. आणि म्हणाले, "दादा कुठंशी हायेत सध्या?" बस, एवढंच.

'आत्ता लक्षात आलं' हे खोटं होतं. मला चार महिने ठाऊक होतं. ऑर्डर त्याच आठवड्यात, गुरुवारी, हातात पडली होती. शुक्रवारी सरांनी स्वतः पेढे आणले होते. हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. पुष्कळदा ठरवलं, आज-उद्या करत राहिले...

दादांची मेंढरं तेव्हा उमापूरच्या अलीकडे होती. आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. सरांनी वावराच्या बांधावर बसून दादांना सगळं समजावलं. लगदा, लिग्निन, गाठ, दोरा. दादांनी मान डोलावत ऐकलं आणि म्हणाले, "सायेब, लेंडी पायजे तेवढी न्या. पर तिनं कागद पांढरा व्हतो म्हणता, तर मग मपलं धोतर कावून व्हत न्हाई? त्ये तर रोजच लेंडीत बसतंय." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. परतताना जीपमध्ये म्हणाले, तुझ्या वडिलांनी जो प्रश्न विचारला तो लेख तपासणाऱ्यांनी विचारायला पाहिजे होता.

जंतू लगेच मिळाला नाही. दादांच्या ढिगात मिळाला नाही. पुढच्या हंगामात, दुसऱ्याच एका धनगराच्या ढिगात, तसंच वलय आलं. जरा लहान होतं, पण होतं. ज्यांनी पत्र पाठवलं होतं त्यांना सरांनी नमुना पाठवला. आणि नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. नमुन्याचं ठिकाण चुकीचं छापलं गेलं, तो ओढ्याचा गाळ नसून मेंढ्यांची लेंडी होती, मेंढपाळाचं नाव अमुक, आणि चूक सर्वस्वी माझी आहे. दादांचं नाव असं परदेशात छापून आलं. ते त्यांनी मला तीन वेळा वाचून दाखवायला लावलं.

शेवटच्या वाक्यावर मात्र मी अडले होते. पत्र टाइप मीच करत होते. म्हटलं, सर, चूक माझी आहे, असं लिहा. नोंद मी केली.

"तुझी नोंद बरोबर हाय. लेंडी आणली, लेंडी लिवली. चूक माझी हाय."

मी पुन्हा म्हटलं. ते पुन्हा तेच म्हणाले, जरा चिडूनच. मी टाइप केलं. आणि त्यानंतरची पंधरा वर्षं ते वाक्य सरांचा मोठेपणा म्हणून मनात बाळगलं. माणसाने आपल्याला वाचवावं, त्याचा गाजावाजा करू नये, आणि आपण त्याला गुरुवारही सांगू नये, असं ते ओझं होतं.

त्या एन्झाइमाचं पुढे फार मोठं काही झालं नाही. एका गिरणीने चाचणी घेतली, पण यंत्राच्या वेगापुढे आमचं काम हळू पडलं. सरांना त्याचं दुःख फारसं नव्हतं. इतर लोक या वाटेने पुढे गेले, त्यांचे लेख आले की सर आवडीने वाचायचे, समासात शेरे मारायचे. दोन विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. पऱ्हाटीचा पांढरा कागद आम्ही हाताने केला होता, त्याच्या थोड्या तावांवर त्यांनी निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांना शेंगदाण्याच्या पुड्या बांधून दिल्या. दोऱ्यासकट. घरी जाताना भिंतीवरची तार तेवढी घेऊन गेले.

मागच्या आठवड्यात मी सिरसाळ्याला गेले. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, बोलावलं होतं. खोलीत त्यांची खुर्ची, चष्मा, आणि खिडकीशेजारी खिळ्याला ती तार. काकूंनी ती काढून माझ्या हातात दिली. "ह्ये तुलाच कळतंय काय हाय त्ये. पोरं रद्दीत टाकत्याल." मी तिथेच जमिनीवर बसले आणि वरून एकेक चिठ्ठी काढून क्रमाने मांडायला लागले. यादीच केली म्हणा ना. वर्तमानपत्राच्या कडांवर लिहिलेल्या पिवळ्या पडल्या होत्या, तुटायला आल्या होत्या. आमच्या पऱ्हाटीच्या कागदावरच्या अजून बऱ्या होत्या.

अर्ध्याहून खाली एक चिठ्ठी निघाली, 'लेख परत आला तर दुसरीकडे कुठे धाडायचा ते बघणे.' लेख परत आलाच नाही, म्हणून ते बघणं झालं नाही, म्हणून चिठ्ठी निघाली नाही. म्हणजे ही लेख पाठवतानाची. तिच्याखाली आणखी दोन. आणि त्यांच्याखाली, म्हणजे लेख जाण्याच्याही आधीची, पिवळी पडलेली एक. सरांचं अक्षर, पेन्सिलीने:

'सतरा – कोणती लेंडी? बाईला विचारणे.'

मी ती दोनदा वाचली. काकूंनी विचारलं, काय गं? म्हटलं, काही नाही, कामाची चिठ्ठी आहे.

त्यांना शंका आली होती. वेळेवर आली होती. विचारायचं राहिलं. 'चूक सर्वस्वी माझी' हा मोठेपणा नव्हता, ती नोंद होती, आणि ती बरोबर होती. ओढ्याकाठी उत्तर मिळालं तरी त्यांनी चिठ्ठी काढली नाही, कारण त्यांनी विचारलं नव्हतं, मी सांगितलं होतं. काच त्यांनी बसवली नव्हती, तसंच.

सगळ्या चिठ्ठ्या होत्या त्याच क्रमाने पुन्हा ओवल्या. तार आता प्रयोगशाळेत जुन्या खिळ्याला आहे. नव्या मुली विचारतात, मॅडम, हे काय? मी सांगते, राहिलेली कामं. सगळ्यात वर एक चिठ्ठी माझी आहे, पऱ्हाटीच्या कागदावर. 'ऑर्डर गुरुवारी आली होती, हे सरांना सांगणे.' सरांच्या नियमाप्रमाणे तीही आता निघायची नाही.